सुरतेची तिसरी लूट

सुरतेत जन्म घेऊन, सुरतेत विद्या संपादून आणि सुरतेतल्याच एका सरकारी कचेरीच्या दफ्तरखान्यात छत्तीस वर्षे धूळ खाऊन निवृत्त झालेल्या मराठी मनुष्यास एक थट्टा आयुष्यात किमान हजार वेळा ऐकून घ्यावी लागते. नव्याने परिचय झालेला गुजराती गृहस्थ आडनाव कानी पडताच क्षणभर थांबतो, डोळे बारीक करतो आणि आपल्याआधी हे कुणास सुचलेच नसावे अशा निरागस आनंदाने विचारतो, "केम, पाछा लूटवा आव्या के?" आजोबांनी, वडिलांनी आणि मी अशा तीन पिढ्यांनी ह्या प्रश्नास केवळ हसून उत्तर दिले, परंतु नानपुऱ्यातील आमच्या जुन्या घराची आवराआवर करण्याचा प्रसंग आला तेव्हा मी प्रथमच ह्या व्यवहाराचा जमाखर्च मांडून पाहिला, आणि बाकी सर्वस्वी सुरतेच्या बाजूने निघाली. शिवाजी महाराजांनी १६६४ च्या जानेवारीत चार-पाच दिवस आणि १६७० च्या ऑक्टोबरात तीन दिवस मिळून जे काही नेले ते नेले. आमच्या घराण्याने मात्र त्याची भरपाई करून देण्याचा मक्ता घेतल्याप्रमाणे शंभराहून अधिक वर्षे हाती लागेल ती वस्तू सुरतेत आणली, आणि एकदा उंबरठ्याच्या आत आलेली चीज पुन्हा वेशीबाहेर म्हणून जाऊ दिली नाही.

आवरण्याचे निमित्त असे, की घर विकले गेले होते. चिरंजीवांनी तापीपलीकडे अडाजणला पाचव्या मजल्यावर तीन खोल्यांची जागा घेतली होती, आणि जुन्या घराचा ताबा कार्तिकी पौर्णिमेपर्यंत द्यावयाचा होता. नव्या जागेत माळा कोठे आहे, असे मी सहज विचारले, तेव्हा माळा नाही, फॉल्स सीलिंग आहे, असे सूनबाईंनी समजावून सांगितले. छत आहे, पण ते खोटे आहे आणि त्याच्यावर टाचणीसुद्धा ठेवता येत नाही, एवढाच बोध मला त्यातून झाला. आणि संकटकाळी लोकांच्या पायाखालची जमीन सरकते तसा माझ्या डोक्यावरचा माळा सरकला.

परगावच्या वाचकास ह्या माळ्याचे माहात्म्य एकदम ध्यानी यावयाचे नाही. इतरत्र माळा ही अडगळीची जागा असते. सुरतेत ती संकटकाळची राजधानी असते. तापीच्या पुरास येथे 'रेल' म्हणतात. आमची आजी नाशकाकडून लग्न होऊन नवी नवी आली असता एके पहाटे शेजारीण "रेल आवी, रेल आवी" म्हणून ओरडत सुटली, तेव्हा आजीने शांतपणे वळकटी बांधली, फिरकीचा तांब्या भरून घेतला, आणि गाडी किती वेळ थांबते असे सासूबाईंस विचारले, ही कथा आमच्या घरात प्रत्येक पावसाळ्यात एकदा सांगितली जाते. उकाईचे धरण व्हावयाचे होते तेव्हा १९६८ च्या ऑगस्टात रेल आली. धरण होऊन जुने झाले तेव्हा २००६ च्या ऑगस्टातही आली. आणि दोन्ही वेळा, माणसे प्रथम आणि वस्तू नंतर हा शास्त्रोक्त क्रम बाजूस सारून, आमच्या घरातील वस्तू प्रथम माळ्यावर गेल्या, कारण माणसांस पाय होते. पाणी ओसरल्यावर माणसे खाली उतरली. वस्तू उतरल्या नाहीत. त्यामुळे भूगर्भशास्त्रज्ञास खडकांत दिसतात तसे माळ्यावर दोन स्पष्ट थर पडले होते: वरचा थर २००६ चा, प्लास्टिकयुगातील, खालचा १९६८ चा, पितळयुगातील, आणि त्याखाली, जेथे हात घालावयास कुणी धजत नसे तेथे, आजोबांच्या आणि पणजोबांच्या कारकिर्दीतील काळोख.

ह्या सर्व मालमत्तेची विल्हेवाट पद्धतशीर व्हावी असा माझा आग्रह होता. मुंबई इलाख्यापासून चालत आलेल्या रिवाजाप्रमाणे आमच्या दफ्तरखान्यात प्रत्येक कागदाचे आयुष्य त्याच्या जन्मसमयीच ठरलेले असे: 'अ' वर्ग कायमचा, 'ब' तीस वर्षांचा, 'क' दहा वर्षांचा, आणि 'ड' एका वर्षात नष्ट करावयाचा. ज्या नियमाने मी संबंध जिल्ह्याचे दप्तर सांभाळले त्याच नियमाने एका माळ्याचा निकाल लावणे मला अशक्य वाटेना. मी पाच रकान्यांची फेरिस्त आखली: अनुक्रमांक, जिन्नस, सापडल्याचा थर, वर्ग, आणि शेरा. सूनबाईंनी दुसरी पद्धत सुचवली. मारी कोंडो नामक एका जपानी बाईंच्या मते वस्तू हातात घेऊन, तिच्यापासून अंतःकरणास आनंदाची स्फुरणे होतात की नाही हे पाहावयाचे, आणि होत नसल्यास तिचे आभार मानून तिला निरोप द्यावयाचा. प्रयोग म्हणून मी प्रथम हाती आलेली वस्तू उराशी धरली. तो उंदरांचा पिंजरा होता, आणि त्यात पूर्वीच्या एका रहिवाशाचे अवशेष होते. तेथून पुढे माझी फेरिस्तच चालू राहिली. सौभाग्यवतीचे मत दोन्ही पद्धतींविषयी सारखेच होते. ती म्हणाली, "अहो, वर्ग पाडा नाहीतर आनंद माना, पण आधी सगळं खाली तर काढा."

वरच्या थरातून जे निघाले त्यावर वाचकाचा वेळ दवडण्यात अर्थ नाही. बंद पडलेले स्टॅबिलायझर, मालकाआधी वारलेल्या दूरदर्शनसंचाचे थर्मोकोल, एकीच्या पोटात दुसरी अशा सात सुटकेसा, आणि १९७३ पासून सुरू झालेल्या कालनिर्णयाच्या, पाठीवर दुधाचा हिशेब लिहिलेल्या, जवळजवळ सर्व वर्षांच्या प्रती. परंतु ह्या थरातच मनुष्यस्वभावाचा एक नियम माझ्या ध्यानी आला, तो नमूद करून ठेवतो. घरातील प्रत्येक व्यक्ती अडगळ काढून टाकण्याच्या पक्षाची असते, आणि अडगळ म्हणजे इतरांच्या वस्तू. मी ज्यास 'ड' दिला त्यावर सौ.ने 'अ' चा शेरा मारला. तिने ज्यास 'ड' दिला तो माझा पोर्टेबल टंकलेखनयंत्राचा रिकामा डबा होता. चिरंजीवांनी आम्हा दोघांच्या सरसकट सर्व वस्तूंस 'ड' दिला, आणि सूनबाईंनी, नव्या घरी वाद नकोत म्हणून, सर्वांच्या सर्व वस्तूंवर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले. पहिल्या दिवसअखेर गोषवारा पुढीलप्रमाणे निघाला: 'अ' एकशे बारा, 'ब' नऊ, 'क' दोन, 'ड' निरंक.

ह्या अवधीत एक भंगारवाला आमच्या ओट्यावर दररोज येऊन बसत असे. प्रथम दिवशी तो लारी, काटा आणि उमेद घेऊन आला. दुसऱ्या दिवशी त्याने फक्त काटा आणला. तिसऱ्या दिवशी चहाची वेळ पाहून आला. चौथ्या दिवशी, अंघोळीच्या पाण्याचा आमचा तांब्याचा बंब दोन मजुरांनी खाली उतरवला तेव्हा आता हा उडी घालणार असे मला वाटले, पण त्याने बंबावरून हात फिरवला, झाकण उघडून आत डोकावला, आणि जणू विकणारा तोच आहे अशा अधिकाराने मला म्हणाला, "काका, आ नहीं अपाय. आवुं हवे बनतुं नथी." जो मनुष्य मोड घेऊन पोट भरतो त्यानेच मोड नाकारावी, ह्याला काय म्हणावे? बंबापुढे 'अ' लागला. नव्या घरी सूर्यशक्तीवर पाणी तापते, हे मी फेरिस्तीत लिहिले नाही.

दुसऱ्या थरात अर्ध्याअधिक वाळवीने वाचलेल्या पुस्तकांचा एक गठ्ठा होता. त्यात मराठीच्या व्याकरणाची एक मुखपृष्ठहीन प्रत निघाली, आणि वडिलांचे एक जुने भाषण मला आठवले. मराठीचे व्याकरण रचणारे दादोबा पांडुरंग हे शिक्षक म्हणून सुरतेत राहिले होते, आणि येथेच १८४४ साली दुर्गाराम मेहताजींच्या बरोबरीने त्यांनी मानवधर्मसभा स्थापण्यात भाग घेतला, हे वडील येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकास अभिमानाने सांगत, आणि सांगून झाल्यावर मला "बारणं वास" म्हणत. बारणे म्हणजे गुजराती दार, आणि ते वासणे म्हणजे ते लावणे, हे त्यांच्या लक्षातही नसे. व्याकरणकार ज्या गावी राहिला त्या गावी आमच्या घरात मराठीची ही गत, असो.

ज्या वस्तूने आमचा सर्वांत अधिक वेळ घेतला तिचे वजन भंगारवाल्याच्या काट्यावर चार किलोही भरले नसते. जुन्या मराठी घरांतून भिंतीस एक तार लटकत असे. खाली लाकडाची चकती, वर आकडा. आलेले कार्ड घरातल्या सर्वांचे वाचून झाले की त्या तारेत टोचून द्यावयाचे. अशा आठ गच्च भरलेल्या तारा, वटवाघळे लटकावीत तशा, माळ्याच्या आढ्यास लटकत होत्या. मी त्यांस अर्ध्या तासाची नेमणूक दिली होती. त्यांनी दोन दिवस घेतले, कारण सौ. एकेक कार्ड मोठ्याने वाची आणि मी फेरिस्त मांडीवर घेऊन ऐके. गुळाचा भाव काय झाला, कोणाकडे पाळणा हलला, कोणाच्या मुलास तालुक्याच्या कचेरीत उमेदवारी मिळाली, आणि ताजा कलम म्हणून, सुरतेची घारी येणाऱ्याबरोबर अवश्य पाठवावी, मागच्या खेपेस वाटेत तुपाने कपडे खराब झाले तरी हरकत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचता वाचता ती एकाएकी थांबली आणि म्हणाली, "अहो, ह्यांच्यात कुणी मेलेलंच नाही."

गोष्ट खरी होती. मृत्यूची वार्ता आणणारे पत्र घरात ठेवावयाचे नाही, वाचताक्षणीच फाडून टाकावयाचे, हा आपल्याकडील जुना रिवाज. तो आमच्या घरी निष्ठेने पाळला गेला, आणि परिणाम असा झाला की तारांवरच्या दप्तराप्रमाणे १९२० पासून १९८८ पर्यंत आमच्या विस्तीर्ण गोतावळ्यात जन्म, बारशी, मुंजी, विवाह आणि नोकरीतील बढत्या यांखेरीज काही म्हणजे काहीच घडले नाही. एखाद्या भावी इतिहाससंशोधकाच्या हाती हे साधन पडले, तर नानपुऱ्यातील हे कुटुंब चिरंजीव होते असा सिद्धांत तो सप्रमाण मांडील. मात्र बारकाईने पाहणाऱ्यास एक गोष्ट दिसते. दर पंधरवड्यास 'अनेक आशीर्वाद उपरी विशेष' म्हणत येणारे थोरल्या आत्याबाईंचे तिरके अक्षर १९५३ च्या श्रावणापर्यंत येते, आणि पुढे येत नाही. पुढच्या कार्डावर त्याच पत्त्यावरून दुसरेच कुणीतरी गुळाचा भाव कळवते. वाईट बातमी तारेने येई आणि चांगली बातमी तारेवर राही, अशी त्या काळची वाटणी होती. त्यांपैकी पहिली तार सरकारने २०१३ च्या जुलैत बंद केली. दुसरीपुढे मी काही न विचारता 'अ' लिहिला, आणि सौ.ने आठही तारा माझ्याकडे न देता स्वतःच एका गोणपाटात बांधल्या.

त्याच संध्याकाळी एक पत्र्याची ट्रंक निघाली, जिला कुलूप होते आणि किल्ली नव्हती. १९९४ च्या सप्टेंबरात शहरात प्लेगची वार्ता पसरली आणि लोक जथ्याजथ्याने गाव सोडू लागले, त्या रात्री आम्हीही सौ.च्या माहेरी, अमळनेरास, ताप्ती लाइनीच्या गाडीने गेलो होतो. जाताना प्रत्येकाने आपणास अत्यावश्यक वाटेल ती एकच वस्तू ह्या ट्रंकेत टाकली होती. परत आल्यावर ती उघडण्याची कुणास इच्छा होईना, म्हणून ती वर गेली. पुढील वर्षापासून महापालिकेचे आयुक्त एस. आर. राव यांनी सुरत अशी काही झाडून काढली की घाणीकरिता प्रसिद्ध असलेले शहर स्वच्छतेकरिता प्रसिद्ध झाले. पण आमचा माळा बहुधा त्यांच्या हद्दीत नसावा. ट्रंकेस 'ब' वर्ग धरला असता तिची तीस वर्षे नेमकी भरली होती. कुलूप फोडले. वडिलांनी घेतल्या होत्या घरवेऱ्याच्या सर्व वर्षांच्या पावत्या, जणू मृत्यूने दारात गाठलेच तर थकबाकी नसल्याचे त्यास दाखवता यावे, आईने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणि मेतकुटाची बरणी, दोन्ही एकाच फडक्यात, सौ.ने चिरंजीवांचा शाळेचा दाखला. मी काय घेतले होते हे मला अजिबात आठवत नव्हते. ती दफ्तरखान्याच्या मोठ्या कपाटाची किल्ली होती, जिच्यासाठी कचेरीने एक चौकशी केली, दोन खुलासे मागवले आणि शेवटी एक नवे कुलूप मंजूर केले होते. तळाशी एक मांज्याची फिरकी होती. आमच्या सर्व वस्तूंस घाऊक 'ड' देणारे चिरंजीव, त्या रात्री सात वर्षांचे होते. त्यांनी फिरकी उचलली, मांजा बोटाने तपासला, "हा सुरती मांजा आहे, बाबा, खराब होत नाही," असे काहीसे कायदेशीर स्वरात सांगितले, आणि फेरिस्तीत नोंद होण्यापूर्वीच ती घेऊन बाहेर गेले.

आजीच्या पैठणीचा निकाल मात्र शास्त्रोक्त रीतीने लावण्याचे ठरले होते. जर काढण्याचा धंदा सुरतेचा. चांदीची केसासारखी तार ओढून, चपटी करून, रेशमाच्या धाग्यावर गुंडाळून, वर सोन्याचा मुलामा देऊन तयार झालेली येथली जर येवल्यास जाई, तेथे विणकराच्या मागावर पदरातला मोर होऊन बसे, आणि आजीच्या बाबतीत ती नववधूच्या अंगावरून पुन्हा सुरतेस परत आली, म्हणजे खऱ्या अर्थाने माहेरी कोण आले होते हा प्रश्नच आहे. जुनी जर वजनावर विकत घेणारे लोक आजही येथे आहेत. त्यांच्यापैकी एक अनुभवी वृद्ध आला. त्याने काठाचा एक धागा उपसला, काडी ओढून जाळला, उरलेला मणी तळहातावर घासून उजेडात धरला, आणि 'साची छे' एवढाच निर्णय दिला. मी आनंदून भाव विचारला. भाव चांगला होता. पण पदर जाळून चांदी काढावयाची आणि रेशमाचे काही मिळावयाचे नाही, हे त्याने सांगितले, तेव्हा सौ.ने पैठणी त्याच्या मांडीवरून अशी काही उचलली की तो वृद्ध दचकून उभा राहिला. ती पैठणी आता नेसता येत नाही, कारण घडीवर विरली आहे. उलगडता येत नाही, कारण उलगडताना विरते. आणि घडीवर ठेवता येत नाही, हे पहिल्याच कारणाने. ज्या कापडात गुंडाळली होती ते कापड बदलून ती पुन्हा ठेवली. ह्यात आमची प्रगती एवढीच, की आता ती खरी आहे हे आम्हांस ठाऊक आहे.

ह्यानंतर काळोखाच्या थरात हात घातला, आणि कुलदैवताइतक्याच आदराने ज्याचा उल्लेख होत असे तो मोडी कागदांचा रुमाल बाहेर आला. पेशवे आणि गायकवाड ह्या उभयतांचा सुरतेच्या चौथाईत हिस्सा होता, हा इतिहास आहे. त्या चौथाईच्या वसुलीकरिता आलेल्या कमाविसदाराबरोबर आमचा मूळ पुरुष येथे आला आणि त्यास मिळालेली सनद ह्या रुमालात आहे, हे थोरल्या काकांचे मत आहे. मोडी वाचता येणारा मनुष्य घरात कुणीच न उरल्यामुळे ह्या मतास दोन पिढ्या धक्का लागला नव्हता. घराचा ताबा देण्यापूर्वी एखादे गाव आपल्या नावावर निघाल्यास बरे, ह्या माफक अपेक्षेने मी बडोद्याहून एका जाणत्या गृहस्थांस बोलावले. त्यांनी रुमाल सोडला, चष्मा पुसला, कागद उजेडास लावून तो विलायती आहे व पेशवाई बुडाल्यानंतर पुष्कळ वर्षांनी आलेला आहे हे प्रथम सांगून काकांचा चेहरा उतरवला, आणि मग संथपणे वाचावयास आरंभ केला. ती एक याद होती. पराती दोन, घंगाळ एक, समया दोन, पंचपात्री अकरा. लग्नकार्याकरिता शेजारून आणिल्या. कार्य होताच परत पावत्या करणे. खाली पणजोबांची सही.

क्षणभर कोणी बोलले नाही. मग सौ. उठून स्वयंपाकघरात गेली आणि आमची मोठी परात घेऊन आली, जिच्यात गेली कित्येक वर्षे गणपतीच्या मोदकांची उकड मळली जाते. तिच्या काठावर टोच्याने घातलेले नाव आहे. ते आमचे नव्हे हे आम्हांस नेहमीच दिसत होते, पण घरातील वस्तूवर दुसऱ्याचे नाव असणे ह्यात विचारण्यासारखे काही आहे असे कुणाच्या मनातच आले नव्हते. मराठ्यांनी सुरतेत केलेल्या लुटीचा सप्रमाण, सहीनिशी पुरावा एका खाजगी घरात सापडतो तो असा. वारसांचा तपास केला. ते कुटुंब भाड्याने राहत असे, आणि १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले तेव्हा ज्या कारकुनांनी महाराष्ट्र पत्करला त्यांच्याबरोबर तेही गेले, एवढेच शेजारच्या एका वृद्ध बाईंनी सांगितले. तेव्हा परात आमच्याकडेच राहिली आहे, परंतु आता ती चोरीची आहे हे माहीत असल्यामुळे तिच्यात उकड मळताना सौ. किंचित हळू मळते. ती याद मोडीतली असूनही मोडीत काढता येईना. ते तर आमच्यावरचे कर्ज होते.

आणि सर्वांच्या तळाशी, लाल आलवणाच्या तुकड्यात बांधलेला, जोडा. जोडा म्हणजे जोडीतला एक, डाव्या पायाचा.

१९०७ च्या डिसेंबरात नागपूरची काँग्रेस सुरतेत भरली, आणि अध्यक्षपदी राशबिहारी घोष येत असता व्यासपीठावर लोकमान्य टिळक बोलावयास उभे राहिले तेव्हा मंडपातून एक जोडा भिरभिरत आला, सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालास लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला, पाठोपाठ खुर्च्या आणि काठ्या सुरू झाल्या, आणि राष्ट्रसभेचे जहाल व मवाळ असे दोन तुकडे झाले, हे शाळेतील मुलेही जाणतात. आमचे आजोबा त्या वेळी एकोणीस वर्षांचे होते आणि मंडपात होते. घरातून जाताना त्यांच्या पायात दोन जोडे होते आणि परतताना एक होता, येथपर्यंत घराण्यात एकमत आहे. येथून पुढे आमच्याही घराण्याचे जहाल व मवाळ असे दोन पक्ष आहेत. थोरल्या काकांच्या जहाल पक्षाचे म्हणणे असे की तो इतिहासप्रसिद्ध जोडा आमचा होता, आणि माळ्यावरील हा त्याचा वियोगी सोबती होय. वडिलांचा पक्ष मवाळ. त्यांच्या मते पळापळीत आजोबांचा एक जोडा चेंगराचेंगरीत गेला, आणि आजोबांसारख्या, मुंगीस वाट देणाऱ्या माणसाने सर फिरोजशहांवर काही फेकणे हे मुळातच असंभाव्य. आजी कोणत्याच पक्षात नव्हती. तिच्या मते जोडा कुत्र्याने नेला होता आणि ते कुत्रे तिने पाहिले होते, वास्तविक तिचे लग्न १९१२ साली झाले.

चिकित्सा करावी म्हणून पुतण्याने बरीच खटपट केली. नेव्हिन्सन नावाचा एक इंग्रज वार्ताहर त्या दिवशी हजर होता. त्याने तो जोडा मराठी घाटाचा, तांबूस कातड्याचा, पुढे टोकदार आणि तळास शिसे जडवलेला असल्याची नोंद केली आहे. आमचा जोडा तांबूस आहे. टोकदारही आहे, म्हणजे उंदरांनी खाण्यापूर्वी असावा. तळास मात्र लोखंडी खिळे निघाले, तेव्हा मवाळ पक्षाने विजयी मुद्रा केली. त्यावर जहाल पक्षाने, फेकावयाच्या जोड्यास शिसे आणि ठेवावयाच्या जोड्यास लोखंड लावण्याइतकी दूरदृष्टी आजोबांस होती, असे उत्तर दिले. शेवटी सौ.ने आजोबांच्या जुन्या खडावा आणून त्या जोड्याशेजारी ठेवल्या. जोडा खडावांहून चांगला तीन बोटे लांब होता. तो आजोबांचा नव्हताच. धुमश्चक्रीत आजोबा दुसऱ्या कुणाचा तरी जोडा पायात घालून घरी आले होते. म्हणजे परातीच्या जोडीला हेही आले. काका म्हणाले, "तरीसुद्धा, मंडपातला आहे ना?" आणि फेरिस्तीत शेऱ्याच्या रकान्यात स्वहस्ते 'अ, कायम' लिहून खाली सही केली.

अकराव्या दिवशी मी गोषवारा काढावयास बसलो. महाराजांनी संबंध शहर चार दिवसांत आटोपले, कारण जड माल मागे टाकून सोने, नाणी, मोती आणि जवाहीर एवढेच उचलावयाचे हे त्यांचे धोरण निश्चित होते. आमचे धोरण तितकेच निश्चित आणि बरोबर उलट होते. स्नान करून आलो तो फेरिस्त जागेवर नव्हती. बेचाळीस पानी, पाच रकानी, लाल व निळ्या शाईने आखलेली फेरिस्त, तिच्या दोन कच्च्या प्रती, आणि निवृत्तीनंतर माझ्याकडे राहिलेले वर्गवारीचे नियम असा तो सर्व कागद सौ.ने भंगारवाल्यास देऊन टाकला होता. बिचारा अकरा दिवस रिकाम्या हाताने जात होता, त्याला काहीतरी द्यावयास नको का, असे तिचे म्हणणे. एक किलो आठशे ग्रॅम भरले. आमच्या घरातून सुरतेच्या बाजारात गेलेला हा एकमेव माल. आणि तो माझा होता.

टेंपो संध्याकाळी निघाला. चालक उधन्याकडचा, मूळचा धुळ्याच्या बाजूचा तरुण होता. सामान पाहून आपण दुकान हलवीत आहोत काय, असे त्याने प्रथम विचारले. मागे बंब, गोणपाट, ट्रंक, परात. पुढे मी, आणि आपण होऊन कुणी घेईना म्हणून माझ्या मांडीवर ते लाल पुडके. सरदार पुलाच्या तोंडाशी गाडी गर्दीत अडकली तेव्हा त्याने पुडक्यातून बाहेर आलेले टोक पाहिले, हात लांब करून फडके थोडे बाजूस केले आणि अहिराणीत विचारले,

"बाबा, दुसरा कोठे शे?"

पुलावर त्या दिवशी वाहने मुंगीच्या पावलाने सरकत होती. मी त्याला प्रथम मवाळ पक्षाचे म्हणणे सांगितले, मग जहालांचे. पलीकडचा किनारा आला तेव्हा आम्ही कुत्र्यापर्यंत पोचलो होतो.